रॅम वाढवली आणि पीसी बिघडला

घरी जोडलेल्या पीसीला नवी रॅम टाकली की पहिल्या दिवशी सगळं झकास चालतं. टास्क मॅनेजरमध्ये १६ च्या जागी ३२ किंवा ४८ दिसतात, ब्राउझरच्या ढीगभर टॅब उघडून पाहिल्या जातात आणि खर्च सार्थकी लागल्यासारखा वाटतो. मग कुरबुरी सुरू होतात. गेम मध्येच बंद पडून डेस्कटॉप समोर येतो. मोठी झिप फाइल उघडताना ‘फाइल खराब आहे’ असा निरोप येतो आणि तीच फाइल पुन्हा उघडली की नीट उघडते. शेवटी ब्लू स्क्रीन येतो. त्यावर कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, तर कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ असं लिहिलेलं असतं. दर वेळी नाव निराळं, त्यामुळे संशयही दर वेळी निराळ्यावर जातो: आज ग्राफिक्स ड्रायव्हरवर, उद्या अँटिव्हायरसवर, परवा थेट विंडोजवर.

खरं तर हे निराळेपणच मोठी खूण आहे. ड्रायव्हर बिघडला असेल तर तो बहुधा त्याच कामाला, त्याच ठिकाणी अडतो. रॅममधला एखादा बिट उलटला तर काय बिघडेल हे त्या क्षणी तिथे काय साठवलेलं होतं यावर ठरतं. तिथे विंडोजचा स्वतःचा हिशेब असेल तर ब्लू स्क्रीन, गेमचा असेल तर फक्त गेम बंद, आणि तुमच्या फाइलमधला मजकूर असेल तर काहीच होत नाही, फक्त मजकूर बदलतो. युनिकोडमध्ये ‘क’ आणि ‘ग’ यांच्या आकड्यांत नेमका एका बिटाचा फरक आहे. तो बिट उलटला की ‘काय’चं ‘गाय’ होतं, फाइल सेव्ह होते आणि कोणालाही पत्ता लागत नाही. फोटोच्या फाइलमध्ये असा एक बिट फिरला तर तिथून खालचा सगळा फोटो राखाडी पडू शकतो किंवा रंग सरकलेले दिसतात. म्हणून ‘आठवड्यातून एकदाच तर हँग होतो, चालवून घेऊ’ हे मला अजिबात पटत नाही. हँग झालेलं दिसतं तरी; त्या आठवड्यात न दिसता काय काय बिघडलं ते मोजायला आपल्याकडे काहीच नसतं.

अशा वेळी पुष्कळ जण पहिला उपाय म्हणून विंडोज नव्याने टाकतात. तो उलटा उपाय आहे. विंडोज टाकताना हजारो फाइली रॅममधूनच डिस्कवर उतरतात. रॅमच भरवशाची नसेल तर नवं विंडोजही जन्मतःच खराब निघू शकतं. रॅमचा निकाल लागेपर्यंत डिस्कला हात लावू नये.

दुसरा उपाय म्हणजे दुकानदाराकडे धाव: ‘नवी स्टिक डिफेक्टिव्ह आहे, बदलून द्या.’ कधी ती खरंच तशी असते. पण पुष्कळदा दुकानदार ती एकटी लावून पाहतो, ती तासन्‌तास बिनचूक चालते, आणि वाद सुरू होतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. स्टिक चांगली असते, पण तुमच्या पीसीत ती चालत नसते. हे कसं होतं ते कळण्यासाठी थोडं आत जायला हवं.

आज आपण वापरतो त्या डीरॅमची कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली आणि १९६८ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर, एवढीच मांडणी. कपॅसिटरमध्ये चार्ज असला तर १, नसला तर ०. हा चार्ज सतत गळत असतो, म्हणून डीडीआर४ रॅममध्ये प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. यालाच रिफ्रेश म्हणतात. तुम्ही पीसीवर काहीही करत नसाल तरी हे काम अखंड चालूच असतं. म्हणजे रॅम ही मुळातच नेमक्या वेळेवर जगणारी वस्तू आहे. वेळ चुकली की माहिती गेली.

वेळेची ही ओढाताण स्टिकच्या आत आहे तशीच बाहेरही आहे. डीडीआर४ च्या ३२०० वेगाच्या रॅममध्ये प्रत्येक तारेवरून सेकंदाला ३२० कोटी बिट जातात. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला सुमारे ०.३१ नॅनोसेकंद येतात. मदरबोर्डच्या तांब्याच्या रेघेवरून सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो. हिशेब केला तर पहिला बिट जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर पुढे सरकतो तोच मागून दुसरा निघालेला असतो. प्रोसेसरपासून रॅमच्या स्लॉटपर्यंतचं अंतरही त्याच मापाचं असतं. म्हणजे एका वेळी एकाच तारेवर एकापेक्षा जास्त बिट वाटेत असू शकतात. डीडीआर५ च्या ६००० वेगाला तर दोन बिटांमधलं अंतर अडीच सेंटिमीटरवर येतं.

आता मुख्य गोष्ट. चार स्लॉटच्या नेहमीच्या मदरबोर्डवर मेमरीचे दोन चॅनल असतात आणि प्रत्येक चॅनलला दोन स्लॉट. एका चॅनलच्या दोन्ही स्लॉटना डेटाच्या तारा त्याच जातात. दोन स्टिक वेगवेगळ्या चॅनलवर असतील तर प्रत्येकीला आपली स्वतंत्र वाट मिळते. चार स्टिक लावल्या की प्रत्येक वाटेवर दोघी बसतात. मोकळ्या सभामंडपात बोललेलं जसं भिंतीवर आपटून परत येतं, तसा सिग्नल तारेच्या प्रत्येक फाट्यावरून थोडा मागे फिरतो आणि मागून येणाऱ्या बिटात मिसळतो. शिवाय त्याच तारेला दुप्पट चिप चिकटल्यामुळे सिग्नलची चढ-उतार मंदावते. प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला ० आणि १ ओळखायला जी मोकळी फट मिळत होती ती आक्रसते. चारही स्टिक निर्दोष असल्या तरी हे होणारच.

प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असतं आणि त्या ते लपवतही नाहीत. रायझन ५००० मालिकेच्या डेस्कटॉप प्रोसेसरसाठी एएमडीने दोन स्टिकना ३२०० चा वेग दिला आहे. चार सिंगल रँक स्टिकना २९३३ आणि चार ड्युअल रँकना २६६६. रायझन ७००० मध्ये दोन डीडीआर५ स्टिकना ५२००, पण चार झाल्या की सरळ ३६००. रँक म्हणजे एका वेळी मिळून ६४ बिट देणारा चिपचा संच. ड्युअल रँक स्टिकवर असे दोन संच असतात, म्हणजे तारेवरचा भार आणखी वाढतो. खोक्यावर ‘६०००’ छापलेल्या दोन जोड्या आणून चार स्लॉट भरणाऱ्याला प्रोसेसरचं वचन ३६०० पर्यंतचंच आहे. त्यापुढे जे मिळेल ते नशिबाने.

मग खोक्यावरचा मोठा आकडा कुठून येतो? रॅमची मानकं जेडेक ही संस्था ठरवते. डीडीआर४ साठी तिने १.२ व्होल्ट ठरवले. स्टिकवरच्या एका छोट्या चिपमध्ये जेडेकच्या ठरावातले वेग लिहिलेले असतात, आणि शेजारी निर्मात्याने स्वतः तपासलेला जास्तीचा वेगही, पुष्कळदा १.३५ व्होल्टवरचा. इंटेलच्या भाषेत तो एक्सएमपी, एएमडीने २०२२ मध्ये आणलेला एक्स्पो. बायॉसमध्ये हा प्रोफाइल चालू केला की आपण ओव्हरक्लॉकिंग करत असतो, हे पुष्कळांना माहीतच नसतं. निर्मात्याने तपासलेली असते ती खोक्यातली जोडी. तीच जोडी, त्याच मॉडेल नंबरची, वर्षभराने पुन्हा आणली तरी चौघींची एकत्र तपासणी कोणीही केलेली नसते. आतल्या चिपही बदललेल्या असू शकतात, कारण एकाच मॉडेल नंबरखाली कधी सॅमसंगच्या, कधी मायक्रॉनच्या, कधी एसके हायनिक्सच्या चिप येतात.

चिप बदलल्या की वेळापत्रक कसं बदलतं याचं एक उदाहरण पुरेसं आहे. जेडेकच्या डीडीआर४ मानकात ८ गिगाबिटच्या चिपला एका रिफ्रेशसाठी ३५० नॅनोसेकंद दिले आहेत, १६ गिगाबिटच्या चिपला ५५०. जुनी स्टिक पहिल्या प्रकारची आणि नवी दुसऱ्या प्रकारची असेल तर बोर्डाने दोघींना ५५० द्यायला हवेत. बहुतेक बोर्ड ते नीट करतात. पण जुन्या बायॉसमध्ये किंवा हाताने आकडे भरलेल्या सेटिंगमध्ये जुनाच आकडा राहिला, तर नवी स्टिक अर्धवट रिफ्रेश होऊन कामाला लागते.

कोल्हापुरातल्या एका लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एडिटरच्या पीसीत हे सगळं एकत्र आलं होतं. रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर, ३२०० च्या ८-८ जीबीच्या दोन जुन्या स्टिक, आणि सीझन सुरू होण्याआधी घेतलेल्या ३६०० च्या १६-१६ जीबीच्या दोन नव्या. एकूण ४८. एक्सएमपी चालू. छोटी कामं सुरळीत, पण दोन तासांच्या फिल्मचा एक्सपोर्ट शेवटाकडे कोसळायचा, आणि दर वेळी निराळ्या मिनिटाला. नव्या दोन स्टिक एकट्या ठेवल्या तर रात्रभराच्या चाचणीत एकही चूक नाही. जुन्या दोन एकट्या, तरीही नाही. चौघी एकत्र ३२०० ला, चुका. चौघी २६६६ ला, साफ. परत करण्यासारखी एकही स्टिक नव्हती. वेग उतरवून सीझन पार पडला. एक्सपोर्टला थोडा जास्त वेळ लागला असेल, पण तो एकदाही कोसळला नाही.

तुमच्या पीसीत काय आहे हे शोधायची सुरुवातही इथूनच करावी. बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करा आणि पीसी नेहमीसारखा वापरा. फुकटची, दोन मिनिटांची चाचणी आहे. कुरबुरी थांबल्या तर स्टिक मेलेल्या नाहीत, वेग झेपत नाही एवढंच. तरीही चालूच राहिल्या तर खोलात जायचं.

खोलात जाताना आधी हाताची कामं. पीसी बंद करून प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. मग स्टिक काढून पुन्हा बसवा. टोकाची खिट्टी ‘टक्‌’ करून स्वतःहून बंद झाली पाहिजे. एका बाजूने केसभर वर राहिलेली स्टिक बाहेरून पूर्ण बसल्यासारखीच दिसते. दोनच स्टिक असतील तर त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात. कारण तेच, सिग्नलचं परतणं: तार आधी पहिल्या स्लॉटला आणि मग दुसऱ्याला जाते, आणि पहिल्यातच स्टिक लावून दुसरा मोकळा ठेवला तर तारेचं शेवटचं टोक लोंबकळत राहतं. मात्र मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं असेल तर मॅन्युअलचं ऐका.

आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून पुण्याच्या तापकीर गल्लीपर्यंत सगळीकडे चालणारा एक जुना उपाय म्हणजे स्टिकचे सोनेरी दात खोडरबराने घासणं. त्यात तथ्य आहे. दमट हवेत, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात, दातांवर थर चढतो आणि संपर्क कच्चा होतो. पण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. शाई खोडायचं खरखरीत रबर तो खरवडून टाकतं, आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवीनच दुखणं. मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसणं कधीही चांगलं. पेन्सिलचं मऊ रबर वापरायचंच तर हलक्या हाताने, स्लॉटपासून दूर, आणि नंतर पुसून.

मग खरी तपासणी. ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये लिहिलेला मेमटेस्ट८६ आणि त्याच्यातूनच २००४ मध्ये निघालेला मेमटेस्ट८६ प्लस, दोन्ही आजही फुकट मिळतात. पेन ड्राइव्हवर टाकून विंडोजशिवाय चालवायचे असल्याने ते जवळजवळ सगळी रॅम तपासू शकतात. ठरावीक नमुना लिहायचा, वाचून पाहायचा, त्याचा उलटा नमुना लिहायचा, पुन्हा वाचायचा, असं ते निरनिराळ्या पद्धतीने करत राहतात. विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नॉस्टिक पहिल्या नजरेला ठीक आहे, पण त्यात पास झालं म्हणून खात्री मानू नये. मेमटेस्ट रात्रभर चालू द्या. लाइट जाणाऱ्या भागात असाल तर यूपीएसवर. लाल अक्षरात एक चूक दिसली तरी ती चूकच आहे. शंभर कोटींतली एक म्हणून ती सोडून देता येत नाही, कारण योग्य उत्तर शून्य आहे.

चूक सापडली की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एक स्टिक, शिफारस केलेल्या स्लॉटमध्ये, एक्सएमपी बंद. मग दुसरी स्टिक त्याच स्लॉटमध्ये. कोणती स्टिक एकटी, ठरल्या वेगाला चुकते ते कळलं की तिची वॉरंटी मागा. तिथे वाद उरत नाही. सगळ्या साफ निघाल्या तर त्यातली एक उचलून प्रत्येक स्लॉटमध्ये फिरवा. एखाद्या चॅनलचे स्लॉटच चुकत असतील, तर प्रोसेसरच्या सॉकेटची वाकलेली पिन किंवा एका बाजूने जास्त आवळलेला कूलर हे नेहमीचे गुन्हेगार. रॅम टाकताना कूलर काढून बसवला असेल तर आधी तेच बघा. हे सगळं वहीत लिहून ठेवा. पहाटेपर्यंत चार स्टिक आणि चार स्लॉटची कोणती जोडी झाली होती ते डोक्यात राहत नाही.

बायॉसचं अपडेट हा खरा उपयोगी उपाय आहे, विशेषतः डीडीआर५ च्या पहिल्या काही पिढ्यांत. पण ते डळमळीत रॅमवर कधीही करू नका. नव्या स्टिक काढा, एक्सएमपी बंद करा, मगच अपडेट. त्यानंतर, किंवा रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना, डीडीआर५ चा पीसी काही मिनिटं काळाच राहू शकतो. तो तेव्हा प्रत्येक तारेची वेळ जुळवत असतो. घाबरून बटण दाबलं तर सगळं पहिल्यापासून.

मेमटेस्ट साफ आणि गेममध्ये मात्र कोसळतो, असंही घडतं. मेमटेस्टच्या वेळी ग्राफिक्स कार्ड थंड असतं; गेममध्ये त्याची गरम हवा थेट स्टिकवर जाते. कपॅसिटरची गळती उष्णतेने वाढते, इतकी की ८५ अंशांच्या वर रिफ्रेश दुप्पट वेळा करावा असं मानकातच आहे. अकोला-नागपूरच्या मे महिन्यात जो पीसी चुकतो तो डिसेंबरात निर्दोष वाटू शकतो. म्हणून दुसरी चाचणी विंडोजमध्ये, कार्ड तापलेलं असताना, कॅबिनेटचं झाकण लावून घ्यावी.

व्होल्टेज वाढवून स्थिरता आणायचा मोह आवरा. डीडीआर४ ला १.३५ व्होल्टपर्यंत वावगं नाही, पण मेमरी कंट्रोलरचं व्होल्टेज अंदाजाने चढवणं धोक्याचं. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर सॉकेटमध्ये अक्षरशः जळाले, आणि एएमडीला ते व्होल्टेज १.३ वर बांधून टाकणारं अपडेट आणावं लागलं. पॉवर सप्लायवरचा संशय मात्र सहसा खोटा ठरतो. एक स्टिक मोजके वॅटच खाते. आणि सगळं करूनही एकट्या स्टिकवर पीसी अडखळत असेल तर प्रोसेसरकडेही बघा. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरचा जास्त व्होल्टेजमुळे होणारा बिघाड २०२४ मध्ये उघड झाला. त्यात गेम ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असं सांगायचे, आणि लोक मेमरीच्या मागे लागायचे.

या गोंधळात अनुभवी माणसंही सापडतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या डेस्कटॉपवर प्रोग्राम कोसळू लागले. कर्नलमध्ये नवा दोष शिरला असावा असं समजून ते बराच वेळ तो शोधत राहिले, आणि निघाली रॅमची बिघडलेली स्टिक. चुकलेला बिट ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम त्या मशीनमध्ये टाकायची राहून गेली होती. ती सामान्य ग्राहकाला सहज मिळत नाही याबद्दल जानेवारी २०२१ मध्ये त्यांनीच इंटेलला कडक शब्दांत सुनावलं होतं. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. ज्याच्या पीसीत हिशेब, पोटापाण्याचं काम किंवा घरातले सगळे फोटो आहेत, त्याने पुढचा पीसी जोडताना बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही ईसीसी खरोखर चालवतात का ते विचारून घ्यावं. डीडीआर५ च्या चिपमध्ये आतल्या आत एक दुरुस्ती असते, पण ती तारेवर बिघडलेला बिट पकडत नाही. तिच्यावर विसंबू नये.

चारही स्टिक चांगल्या आणि वेग मात्र झेपत नाही, हे सिद्ध झालं की दोनच वाटा उरतात. वेग उतरवून चौघींना ठेवा, किंवा चौघी विकून तेवढ्याच जीबीची दोनच स्टिकची एक जोडी घ्या. गेम खेळणाऱ्याला मी दुसरी वाट सांगेन. एडिटिंग किंवा जड कामाला जागा जास्त लागते. तेवढ्या जीबीची जोडी जमत नसेल तर तिथे २६६६ ला चालणारे ४८ जीबी मला ३२०० ला चालणाऱ्या १६ पेक्षा केव्हाही चालतील.

निकाल लागल्यावर एक काम उरतं, आणि तेच बहुतेकांचं राहून जातं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड विंडो उघडून विंडोजचा सिस्टम फाइल चेकर चालवा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या बिघडलेल्या फाइली बदलल्या जातील. तुमच्या फाइली त्याला कळत नाहीत. नवी रॅम टाकली तो दिवस आणि बिघाड थांबला तो दिवस, या दरम्यान ज्या फाइली सेव्ह झाल्या, कॉपी झाल्या, झिप झाल्या, त्या सगळ्या उघडून पाहायला हव्यात. या काळातला बॅकअप जुन्या बॅकअपवर चढवू नका. दोन्ही वेगळे ठेवा. कॅमेऱ्याचं कार्ड अजून फॉरमॅट केलं नसेल, तर फोटो आणि व्हिडिओ त्यावरून पुन्हा उतरवून घ्या, नव्या फोल्डरमध्ये.